मानेखालची चुंबळ

मी एक चुंबळ बोलतेय. नाक मुरडू नका. डोक्यावर घागर, पाटी नाहीतर भारा घेणाऱ्या बाईला विचारा, मधे कापडाचं वेटोळं नसलं तर चार पावलांत टाळूची कशी आग होते ते. ओझं सगळ्यांना दिसतं, डोकंही दिसतं. मधल्या मला कोण विचारतंय! म्हणून आज मीच बोलते. आणि आधीच बजावून ठेवते, माझ्या मालकिणीची, सत्यवतीची मान चुंबळीने घालवली असं सर्वण गावात जो कोणी म्हणेल तो साफ खोटं बोलतो.

माझा जन्म दोडामार्गाजवळच्या एका खेड्यात झाला. सत्यवती तिथली लेक. लग्न होऊन ती गोव्यात, डिचोलीजवळच्या सर्वण गावात आली आणि तिची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. लेकीच्या पहिल्या चवथीला माहेरून वजें जातं. करंजीसारख्या नेवऱ्या, लाडू, नारळ, केळ्यांचा घड, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं, सगळं एका मोठ्या पाटीत भरून. ऐपतवाले माणूस लावून पाठवतात. सत्यवतीच्या आईची कसली ऐपत? तिने आपलं जुनं लुगडं फाडलं, पिळलं, त्याचं वेटोळं केलं आणि दाभणाने असे टाके घातले की पुढच्या वीस वर्षांत एकही सुटला नाही. ती मी.

माझ्यावर वजें घेऊन ती माउली चालत सर्वणला आली. परत जाताना मला लेकीच्या हातात देऊन म्हणाली, "ही तुका ठेव. तुझ्या चेडवाचा वजें तूय असाच घेवन जा." सत्यवतीने मला कपाळाला लावलं. लेकीचं वजें स्वतः डोक्यावरून न्यायचा तो शब्द तिने आणि मी, दोघींनी गाठीला बांधला.

मग काय, कामाला तोटा नव्हता. भाताचे भारे, शेणखताच्या पाट्या, विहिरीचं पाणी. मी तिच्या डोक्यावर बसायचे आणि खाली तिची मान खांबासारखी सरळ. ओझं डोक्यावर असलं की बाई मान ताठ ठेवते, पाऊल जपून टाकते, वाटेत कुणाशी भांडतसुद्धा नाही! दमायची ती, नाही कशाला म्हणू. पण मान दुखते असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

दुखणं आलं ते काजूच्या कारखान्यातून. तिचा नवरा रामचंद्र खाणीवर ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "उन्हातान्हात भारे कित्याक व्हावतंस? सावलीत बसान काम कर." बिचाऱ्याच्या मनात काळजीच होती. सत्यवती गर सोलायला जाऊ लागली, आणि बसायचा पाट टोचतो म्हणून मला खाली घेऊन बसू लागली. डोक्यावरची मी, कुठे येऊन पोचले बघा.

पण तिथूनच मी सगळं पाहिलं. सकाळी मान खाली गेली की जेवणाच्या सुट्टीलाच वर यायची, आणि जेवणानंतर पुन्हा खाली. हातात इवलीशी सुरी. जरा घसरली की गर तुटायचा आणि मुकादमीण सगळ्यांदेखत पाणउतारा करायची. त्या धास्तीने सत्यवतीचे खांदे वर वर सरकत कानांना टेकायला आले. घरी चुलीपुढे बसली तरी ते खाली उतरेनात. अंगावर ओझं नव्हतं, तरी बाई ओझं उचलल्यासारखी बसलेली असायची.

सत्त्याऐंशी साली तिची लेक वैशाली लग्न होऊन जवळच्या मये गावात गेली. पाठोपाठ मे महिन्यात गोवा राज्य झालं. तोवर कोकणी की मराठी म्हणून तावातावाने भांडणाऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी गोड बोलत होत्या. कारखान्यात पेढे वाटले. पेढा घ्यायला सगळ्यांनी मान वर केली. सत्यवतीची मान वर झालीच नाही. "आवशी गे!" म्हणून ती तिथेच कळवळली.

घरी आल्यावर रामचंद्राने मला उचललं आणि गरजला, "ही चुंबळच हिच्या मानेर बसली. वीस वर्सां भारे व्हावले, मान जातली नाय तर काय?" आणि मला गोठ्यात खुंटीला अडकवलं. असा संताप आला! मला फाशी देऊन तो तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाटावर बसवायला निघाला होता.

मग गोठ्यासमोरच्या अंगणात आली शेजारची शांता. ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. शांता भली बाई, तिने नुसता अंगठा टेकवला. पण रामचंद्र म्हणाला, "असा नको, जरा जोरान मार." शांताने डोळे मिटून मानेच्या मुळाशी लाथ मारली. सत्यवती किंचाळली. त्या दिवसापासून तिच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. शांता तोंडाला पदर लावून गेली ती आठ दिवस आली नाही.

सरतेशेवटी आरोग्य केंद्रातली नर्सबाई सिंधू घरी आली. गोठ्याची भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

"मान लाथ मारून बरी होते होय?" ती रामचंद्रावर कडाडली. मग सत्यवतीला म्हणाली, "दिवसभर मान खाली आणि खांदे वर, हेच तुझं दुखणं. अर्ध्या तासाने उठत जा, खांदे फिरव, सैल सोड. गरम फडक्याने शेक. निजताना ती जाडी उशी काढ, कापडाची गुंडाळी मानेखालच्या पोकळीत ठेव. आणि हाताला मुंग्या येतात तोवर डोक्यावर काही घेऊ नको. तालुक्याच्या डॉक्टरला दाखव."

"चवथ जावंदे," सत्यवती म्हणाली. "माका वैशालीचा वजें न्हेवचा आसा."

"हात कायमचा गेला तर?"

कारखान्यात अर्ध्या तासाने उठायला कोण देणार होतं? सत्यवती तशीच जात राहिली.

चवथीला चार दिवस उरले. सत्यवतीने मला खुंटीवरून काढलं, झटकलं, पुन्हा कपाळाला लावलं. नेवऱ्या तिने उजव्या हाताने वळल्या होत्या, डाव्या हाताला मुरड घालता येत नव्हती. रामचंद्र म्हणाला, "मी सायकलीर घालून न्हेतंय. हट करू नको." तिने ऐकलं नाही. शेवटी त्याने आणि शांताने मिळून पाटी उचलून माझ्यावर ठेवली.

किती दिवसांनी मी माझ्या जागेवर बसले होते! पण खालची मान माझ्या ओळखीची नव्हती. ती थरथरत होती. मी माझ्याकडून पाटी घट्ट धरली. घर सुटलं, अंगण आलं, तुळस आली. तुळशीपाशी तिचा डावा हात पाटीवरून सुटला आणि खाली लोंबू लागला. पाटी कलली. रामचंद्राने धावत येऊन ती धरली म्हणून, नाहीतर लेकीचं वजें चिखलात गेलं असतं. एक नारळ तेवढा गडगडत गेला.

रामचंद्राने पाटी सायकलीच्या कॅरियरला बांधली. सत्यवतीने नारळ पुसून त्यात ठेवला. "आय कित्याक येवक नाय, असा वैशालीन विचारल्यान तर सांग, ताप इलोहा," ती म्हणाली. सायकल वळणाआड जाईपर्यंत ती उभी होती.

मग आत येऊन तिने काजूची सुरी घेतली आणि माझे टाके एकेक करून उसवले. तिच्या आईच्या हातचे टाके. ती रडत होती आणि उसवत होती. माझं वेटोळं सुटलं, मी पुन्हा लुगड्याचा तुकडा झाले. मला गुंडाळून तिने मानेखाली घेतलं आणि ती आडवी झाली. हळूहळू तिचे खांदे खाली आले, जमिनीला टेकले. किती महिन्यांनी! "आये, माझ्यान झाला नाय गे," ती मला म्हणाली.

आता मी तिथेच असते. तिची मान थोडी वळते, हात मात्र अजून अर्धाच तिचा आहे. चवथ झाल्यावर वैशाली आली होती. तिने मला घरभर शोधलं आणि विचारलं, "आये, चुंबळ खंय? माका होयी आसली." सत्यवतीने मान माझ्यावरून उचलली नाही.

तुम्ही एवढा वेळ मान खाली घालून माझं रडगाणं वाचलंत. खांदे बघा तुमचे, कुठे चढलेत ते. सोडा खाली. सत्यवतीला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर वैशालीचं वजें तिच्या आईच्या डोक्यावरून गेलं असतं आणि मी अजून चुंबळ असते.