एक जूनचा रविवार

गयाबाई त्या रविवारी संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांच्या मनगटावर पांढरा दोरा होता. यामिनीनं चहा गाळता गाळता तो पाहिला.

"हे काय?"

"परित्राणाचा दोरा, रक्षणासाठी. विहारातल्या भन्तेजींनी बांधला."

"गंडेदोरे करायचे नाहीत, हे आम्हाला कोण शिकवायचं गं आई? तूच ना?"

गयाबाईंनी कप उचलला. "गंडा वेगळा, हा वेगळा. आणि तुला दोरा खुपत नाही, बाई."

काय खुपतं ते यामिनीला नेमकं माहीत होतं.

आई नागपूरहून जर्मनीत डार्मश्टाटला आली ती एप्रिलमध्ये, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. यामिनी औषधांच्या कंपनीत केमिस्ट. त्या वर्षी, दोन हजार सहा साली, प्रयोगशाळेत नवं काम आलं होतं. घरी यायला रोज सात वाजत आणि रविवारी अंग उचलत नसे. वरच्या मजल्यावर राहणारी अपेक्षा विद्यापीठात पीएचडी करत होती. अमरावतीची पोर, बोलायला गोड. तिनंच विचारलं होतं, "ताई, मावशींना थाई विहारात नेऊ का? रेल्वेनं पाऊण तास." यामिनीनं सुटल्यासारखं हो म्हटलं होतं. पहिल्या रविवारी तर आभारही मानले होते.

तेव्हापासून घरात अपेक्षाचंच नाव. अपेक्षा म्हणते विहाराच्या दाराशी नाग असतात ते राखणीला. अपेक्षा म्हणते भन्तेजींच्या हातात बाईनं काही द्यायचं नाही, ते कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. अपेक्षानं तिथल्या थाई बायकांना सांगितलं, मावशी वंदना म्हणतात, आणि गयाबाईंनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. नंतर बायकांनी आपल्या चालीत तेच म्हटलं.

"शब्द तेच, बरं का. चाल मात्र मधमाश्यांसारखी," गयाबाई हसून म्हणाल्या.

तीन वर्षं यामिनी डार्मश्टाटात होती. आईला त्या विहारात घेऊन जायचं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

जुलैमधल्या एका जेवणात गयाबाई म्हणाल्या, "तिथं ओळीनं बुद्ध आहेत. दर वाराचा वेगळा. ज्याचा जो जन्माचा वार, त्यानं त्यापुढं फुलं ठेवायची."

"तू ठेवतेस?"

"दर रविवारी."

"आई! वार बघायचे म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा."

"फूल ठेवते. नवस नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी यामिनीनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आईच्या पासपोर्टवरची तारीख टाकली. १ जून १९४१. रविवार निघाला. तिला एकदम हलकं वाटलं. अपेक्षानं आईला फुलं ठेवायला शिकवलं, ठीक. आईच्या वाराची मूर्ती आईबरोबर नागपूरला जाईल, आणि ती देणारी यामिनी असेल.

लुइझेनप्लाट्झ चौकाजवळच्या एशिया-शॉपमध्ये लाल गाठींचे गोंडे, पंजा हलवणारी मांजरं आणि उलटी लावलेली सोनेरी चिनी अक्षरं लटकत होती. मालकीणबाईंनी आधी भाग्य आणणाऱ्या ढेरपोट्या हसऱ्या बुद्धाला पुढं केलं. "ग्ल्युक! फिल ग्ल्युक!"

"नको, हा आमचा नव्हे," यामिनी म्हणाली. खालच्या फळीवर थाई मूर्ती होत्या, प्रत्येकीच्या तळाशी जर्मनमध्ये वार लिहिलेला. रविवारचा बुद्ध उभा होता, हात पोटासमोर एकावर एक ठेवलेले, डोळे उघडे. तिनं सगळ्यांत मोठी पितळी मूर्ती घेतली.

आईचा शेवटचा रविवार. त्या दिवशी यामिनी पहिल्यांदा विहारात निघाली. रेल्वेत अपेक्षा गयाबाईंशेजारी बसली, नेहमीची जागा असल्यासारखी. यामिनी समोर, मांडीवर पिशवी.

विहार म्हणजे दोन मजली जर्मन घर. दाराशी हिरवे नाग, गॅरेजमध्ये पपई किसणाऱ्या बायका. त्यांनी गयाबाईंना पाहून हात जोडले, अपेक्षाला मिठी मारली. "आणि ही कोण?" एकीनं जर्मनमध्ये विचारलं. अपेक्षा म्हणाली, "मुलगी आहे त्यांची."

"म्हणजे दुसरी," ती बाई म्हणाली आणि हसली.

यामिनीनं बूट काढले, तेवढ्या वेळात कान गरम झाले. आत गेल्याबरोबर तिनं मूर्ती बाहेर काढली, अपेक्षाला दिसेल अशी.

"आई, ही तुझ्यासाठी. तुझा वार. रविवार."

गयाबाईंनी मूर्ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "माझा वार कुणी सांगितला तुला?"

"पासपोर्टवर तारीख आहे ना. काढला मी हिशोबानं."

अपेक्षाला हसू आवरेना. "एक जून का, ताई? माझ्या बाबांचाही एक जूनच. आमच्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांचा एक जून."

"आणि फॉर्म तूच भरलास की," गयाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, माहीत नाही. तू म्हणालीस, एक जून टाकू, सगळे टाकतात. वर्षही तूच ठरवलंस."

यामिनीला सगळं आठवलं. पासपोर्टचा अर्ज, निळं पेन, आपली घाई. जीभ चावून ती उभी राहिली.

"मग तू फुलं कुणापुढं ठेवतेस?" तिनं विचारलं.

गयाबाई ओळीतल्या दुसऱ्या मूर्तीपाशी गेल्या. उजवा हात वर, तळवा समोर. "हा सोमवारचा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून बुद्धाचे आप्त भांडायला उठले, त्यांना थांबवणारा. तू सोमवारी झालीस. बाजाराचा दिवस होता, सुईण बाजारातून आणावी लागली." त्यांनी पिशवीतून शेवंतीची तीन फुलं काढली. "भांडणं थांबवणारा वार, आणि त्यावर जन्मली तू!"

यामिनीच्या तोंडातून भलताच प्रश्न गेला. "अपेक्षाला माहीत होतं? माझा वार?"

"तिनंच तर मूर्ती शोधून दिली."

म्हणजे यामिनीचा वार यामिनीआधी अपेक्षाला कळला होता.

"ही मूर्ती मला काय कामाची?" गयाबाई पितळी बुद्धाकडं पाहत म्हणाल्या. "अपेक्षा, तुझा वार कोणता गं?"

अपेक्षा अवघडली. "राहू द्या ना, मावशी."

"सांग."

"रविवार."

गयाबाईंनी मूर्ती यामिनीच्या हातात परत ठेवली. "दे तिला. तू आणलीस, तूच दे."

यामिनीनं मूर्ती पुढं केली. अपेक्षानं दोन्ही हात लावले, पण यामिनीची बोटं लगेच सुटली नाहीत. तळाशी दुकानाचं लेबल होतं. ते नखानं काढायचं निमित्त करून तिनं आणखी थोडा वेळ घेतला. मग सोडली.

"थँक्यू, ताई."

"सांभाळ," यामिनी म्हणाली.

परतीची गाडी आली तेव्हा अपेक्षा मूर्ती छातीशी धरून सावकाश चढत होती. यामिनी तिला वळसा घालून आधी आत शिरली आणि आईशेजारच्या जागेवर बसली.

गयाबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.