चार बोटं आखूड

"चार बोटं आखूड कर," अब्दुस्समद म्हणाला आणि टॉवेलात गुंडाळलेली काठी त्याने भागोजी सुताराच्या पुढ्यात ढलप्यांवर ठेवली.

भागोजीने टॉवेल सोडला. गोल्फची काठी होती. लांब गुळगुळीत दांडा, एका टोकाला मुठीएवढं लाकडी डोकं, दुसऱ्या टोकाला चामड्याची पट्टी गुंडाळलेली. पट्टीवर बोटांचे खळगे पडले होते.

"साहेबाची?"

"मरहूम साहेबाची. आता बाईंच्या मापाची करायची. माप बरोबर घेऊन आलोय." अब्दुस्समदने स्वतःकडे बोट दाखवलं. "मी आनी बाई एकाच उंचीचे. बारा वर्सं खानसामा हाय बंगल्यावर, एवढाच काय तो फायदा."

"बाई खेळतात व्हय?"

अब्दुस्समदने दाराकडे पाहिलं. "कदी हातात धरली न्हाय. पन दिवेलागणीला कंपाउंडात आवाज येतो. टक्. बाई व्हरांड्यात, मी मोरीवर. दोगंबी ऐकतो. साहेब तापाने गेले, मी सोता माती दिली. अल्लाकसम, तोच आवाज. सकाळी बघावं तर काठी कोपऱ्यात जाग्यावर, आनी डोक्याला हिरवं गवत चिकटलेलं."

भागोजी हसला नाही.

"बाई म्हनतात, काठी दुसऱ्याच्या हाताची झाली की ते सोडतील."

"मडमेला हे कुनी शिकवलं?"

"मीच," अब्दुस्समद ओशाळला. "तुमचं वल्ह्याचं सांगितलं होतं एकदा." आणि मग त्याची नजर भागोजीच्या मागे भिंतीकडे गेली.

थळच्या त्या आळीत रीतच तशी होती. दर्यात गेलेला माणूस सापडला नाही, तर घरच्यांनी त्याचं वल्हं मुठीकडून एक वीत कापायचं, तोल सावरायचा आणि दुसऱ्या वल्हेकऱ्याच्या हातात द्यायचं. तोवर तो गेला असं कोणी म्हणायचं नाही. त्याच्या बायकोने कुंकू पुसायचं नाही आणि दुसरा पाटही लावायचा नाही. भागोजीने आयुष्यात अशी अकरा वल्ही कापली होती. बारावं त्याच्या मागे भिंतीला उभं होतं. ते त्याच्या मुलाचं, सदाचं होतं. रंधा टाकून होडीवर गेलेला सदा तीन वर्षांपूर्वी खांदेरीच्या पलीकडे वादळात सापडला. होडी आली, वल्हं आलं, तो आला नाही.

त्या वल्ह्याचं पातं रोज सकाळी खालून वीतभर ओलं असायचं. जमीन कोरडी, भिंत कोरडी, कौलं कोरडी. भागोजी रोज उठून पात्याला बोट लावायचा आणि जिभेवर टेकवायचा. खारट.

"येतो माजा लेक," त्याची बायको सोनाबाई म्हणायची आणि वल्ह्यापाशी तांब्याभर गोडं पाणी ठेवायची. सून मैना तो तांब्या रोज सकाळी उचलून तुळशीत ओतायची आणि काही बोलायची नाही. ती बावीस वर्षांची होती. तिचा भाऊ काळूराम तळा गावाहून दोनदा येऊन गेला होता. तिकडे एक चांगला माणूस होता, बायको वारलेला. "वल्हं कापा, म्हंजे बहिनीला नेतो," काळूराम म्हणाला होता. सोनाबाईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. भागोजीने दोन्ही वेळा करवतीला धार लावली आणि पुन्हा खुंटीला अडकवली.

अब्दुस्समद गेल्यावर भागोजीने काठी कामाला घेतली. आधी चामडं उकललं. मग मुठीकडून चार बोटं मोजून कापली. चामडं उलटं केलं, खळगे आत घातले आणि घट्ट गुंडाळलं. इथवर नीट झालं. पुढे मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने घात केला. वल्ह्याची मूठ कापली की पातं जड होतं, म्हणून पातं तासून हलकं करायचं. त्याने काठीचं डोकंही तसंच खालून कानशीने घासलं.

दुसऱ्या दिवशी अब्दुस्समदने अंगणात पाय फाकवून काठी फिरवली. सोनाबाई दारातून बघत होती.

"या अल्ला! भागोजी, हा खराटा केलास!"

"का? काय झालं?"

"डोकं लागतच न्हाय हाताला. बाईंनी बजावलंय, आखूड झाली तरी जड तेवढीच लागली पायजे. नुसती तोडायची असती तर मीच तोडली असती चुलीसाठी. दुसऱ्याच्या हाताला बसली पायजे ना."

भागोजीने काठी घेऊन स्वतः फिरवली आणि त्याला चूक कळली. वल्हं मधे खुंट्याला टेकतं. ही काठी कुठेच टेकत नाही, सगळी हाताला लोंबते. दांडा आखूड झाला की डोकं आपोआप हलकं लागतं. वर त्याने तेच घासलं होतं.

"शिसं वतायला लागंल डोक्यात," तो म्हणाला. "अलिबागेहून आनायला परवा उजाडंल."

"परवा? आज परत दिवेलागन हाय, भाऊ."

मैना आतून आली. तिच्या हातात सदाचा पाग होता. तो गेला त्या दिवशी हे फेकजाळं घरीच आढ्याला टांगलेलं होतं. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या होत्या. ती उंबऱ्यावर बसली आणि कोयतीने एकेक गोळी सुटी करू लागली.

"ए, काय करतेस?" सोनाबाई ओरडली. "आल्यावर काय फेकील तो?"

मैनाने मान वर केली नाही. "आत्याबाय, तीन वर्सं वल्हवतोय तो. दमला नसंल का?"

गोळ्या पदरात वाजत होत्या. सतरा झाल्यावर तिने त्या भागोजीच्या ओंजळीत टाकल्या. "घ्या, मामंजी."

भागोजीने सामत्याने डोक्याच्या पाठीला भोक पाडलं, शिसं पळीत वितळवलं आणि ओतलं. चर्र झालं. भोकाच्या कडेने पाण्याचे बुडबुडे फुटले. कोरड्या विलायती लाकडात पाणी कुठून आलं, ते त्याला समजलं नाही. त्याने ते चाखलं नाही. थंड झाल्यावर शिशाचा टवका काढत, थोडा घासत, पुन्हा फिरवत त्याने तोल आणला. अब्दुस्समदने काठी उचलली, एकदा फिरवली आणि या वेळी मान डोलावली.

"बसली," तो म्हणाला. "माज्या हाताला बसली."

तीन दिवसांनी तो नुसता सांगायला आला. "आवाज न्हाय. पैल्या दिवशी न्हाय, दुसऱ्या दिवशी न्हाय. काल बाई वाट बघून उठल्या आनी काठी घेऊन एकट्या कंपाउंडात गेल्या. एकदाच मारली. मग तिथंच गवतात बसून रडल्या. चार महिन्यांत डोळ्यांत टिपूस नव्हता त्यांच्या."

"बघा," सोनाबाई भागोजीला म्हणाली. "यायचा बंद झाला तिचा मानूस. तुमीबी तेच करनार काय?" तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "सकाळचं तेवढं वलं पातं असतंय मला."

भागोजीने करवत खुंटीवरून काढली. सोनाबाई आडवी आली नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

एक वीत. करवत शेवटच्या धाग्याला आली तेव्हा मैनाने तुकडा खालून धरला, पडू दिला नाही. भागोजीने पात्यावर रंधा मारला. पहिले ढलपे ओले निघाले, मग दमट, मग कोरडे. त्याने वल्हं बोटावर आडवं धरलं. ते थोडं डोललं आणि स्थिर राहिलं.

संध्याकाळी शेजारच्या होडीवरचा वल्हेकरी येऊन वल्हं बघून गेला. "सकाळी नेतो," म्हणाला. काळूरामला निरोप गेला. मैनाने तुकडा सासूच्या मांडीवर ठेवला. सोनाबाईने त्यावरच्या हाताच्या झिजेत आपला अंगठा घातला. तो तिथे मावून जागा उरली.

सकाळी भागोजी उठला. वल्ह्यापाशी तांब्या तसाच भरलेला होता. सवयीने त्याने पात्याला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

लाकडाची चव होती. तो तिथेच उभा राहिला आणि त्याने पुन्हा एकदा बोट लावून पाहिलं.