मोराच्या झाकणाचा डबा

मी डबा बोलतोय. शाहीमोर बिस्किटांचा. हसू नका, एके काळी मालेगावात रामकिसनच्या दुकानात मी काचेच्या कपाटात बसायचो अन् गिऱ्हाईक मला लांबूनच पाहायचं. झाकणावर निळा मोर, आत साजूक तुपाची बिस्किटं. माझा तोरा तर विचारूच नका.

एकाहत्तर साली इंझोरीचे इंद्रभान गुरुजी मला घरी घेऊन आले. त्यांची बायको रुख्मिणी म्हणाली, "एवढा भारी डबा कायले आनला?"

"बबनराव येऊन राह्यले. कारखान्याचा बंद डबा त्यायले चालते."

बबनराव गावातले मोठे शेतकरी, गुरुजींचे दोस्त. पण या बौद्ध घरातलं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं. रुख्मिणीनं त्यांच्यासमोर माझं झाकण उघडलं अन् त्यांनी आपल्या हातानं चार बिस्किटं उचलून मिटक्या मारत खाल्ली. मी फुगून गेलो. रुख्मिणी मात्र आत निघून गेली.

पुढं कंपनीनं डबे बंद केले, कागदी पुडे काढले. गुरुजी ते आणून माझ्यात ठेवत. तुपाचा वास गेला, बिस्कीट हातातच मोडायला लागलं. मोर तेवढा तोच राहिला.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात बबनराव भर दुपारी आले. एक घास घेतला अन् बिस्कीट ठेवून दिलं. "गुरुजी, हे तं भुश्यावानी लागते."

"दुसरा पुडा आनू काय?" गुरुजी गडबडले.

रुख्मिणी चुलीपासून उठून आली. तिनं माझं झाकण लावून मला फळीवर ठेवलं. "कायले आनता? भाकर हाय, झुनका हाय. भाऊ, खायची असन तं बसा. बिस्किटं आता या घरात येनार नाहीत."

गुरुजींचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची दोस्ती होती. बबनराव उठले, पायात चपला सरकवल्या, दारापर्यंत गेले. तिथं थांबले. आतून भाकरीचा वास येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी चपला काढल्या.

"वहिनी, आधी पानी द्या."

रुख्मिणीनं तांब्या दिला, मग ताटात भाकर वाढली. मी फळीवरून पाहत राहिलो. एवढा रंग, एवढं तूप, एवढं नाव, अन् सहा वर्षांत मला जे जमलं नाही ते या बाईनं एका भाकरीवर करून दाखवलं. मी आजही थक्क आहे.

आता माझ्यात ज्वारीचं पीठ असतं. मोर पार पुसला गेला, त्याचे पाय तेवढे उरलेत. गंजलो म्हणून मला भंगारात घालू नका, एवढंच मागणं आहे. बबनराव आले की रुख्मिणी अजून आधी मलाच उघडते.