दोंब्रावरचा कोड

आमच्या शिमकेंतकडे नवरीचं तोंड फुकट बघायला मिळत नाही. बेताशारच्या, म्हणजे तोंड उघडायच्या विधीच्या दिवशी ती शाल तोंडावर ओढून उभी राहते. गाणारा दोन तारांचा दोंब्रा वाजवत नवऱ्याकडच्या एकेकाचं नाव घेतो, ती वाकून नमस्कार करते आणि ज्याचं नाव घेतलं त्याने पैसे टाकायचे. पूर्वी ताटात नोटा पडत. आता नोटा कोण बाळगतो? आमच्या गायकाच्या, एर्मुरातच्या दोंब्रावर पैसे भरायचा कोड चिकटवलाय. फोन समोर धरायचा, पडद्यावर खातेदाराचं नाव आलं की पैसे पाठवून मोकळं व्हायचं.

कोड त्याच्या बायकोच्या, झुपारच्या नावाचा. मित्राच्या कर्जाला जामीन राहून या शहाण्याने स्वतःचं खातं गोठवून घेतलं, तेव्हाची ती सोय. पुढे झुपारने काडीमोड घेतला, यथावकाश खातंही मोकळं झालं, पण कोड तोच राहिला. समारंभ आटोपला की ती फोन करायची, किती जमले ते सांगायची आणि पैसे एर्मुरातच्या आईला पाठवायची. त्या फोनसाठी हा कोड बदलत नव्हता. ती कधीतरी परत येईल, अशी त्याला आशा होती. मी सूत्रसंचालक, त्याच्याबरोबर गावोगाव हिंडणारा. मी शंभरदा सांगितलं, "बाबा रे, गेली ती गेली." ऐकतो कोण?

गेल्या शनिवारी सकाळी जवळच्याच सायराम गावी एका अंगणात नवऱ्याच्या मामाचं, तुरगानचं नाव आलं. नवरी वाकली. मामाचा खिसा जड, आवाज त्याहून जड. त्याने फोन धरला आणि पडद्याकडे बघत ओरडला, "काय रे गायका, ही सादिकोव्हा कोण? आमच्या थोरल्याच्या लग्नात इथे कोझाबेकोव्हा यायचं. दुसरी केलीस की काय?"

अंगण हसलं. मीही माइकवर ठोकून दिलं, "मामा, पैसे द्या, लोकांच्या बायका कसल्या मोजताय!" मग एर्मुरातकडे पाहिलं आणि जीभ चावली. कोझाबेकोव्हा हे त्याच्या घरचं आडनाव, ते तिने काडीमोडानंतरही ठेवलं होतं. तिचं माहेरचं आडनाव मला ठाऊक होतं. ते हे नव्हतं.

त्याचा हात थांबला नाही. मावशी झाली, आत्या झाली, शेजारी झाले. जो तो फोन पुढे करत होता आणि प्रत्येक फोनवर तेच नाव उमटत होतं. शेवटी त्याने नव्या सुनेला गाण्यातून उपदेश केला, नवऱ्याचं घर आपलं मान म्हणून. एक कडवंही गाळलं नाही. मलाच ऐकवेना.

परतताना गाडीत फोन वाजला. गाडी तोच चालवत होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकला; त्यामुळे बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"आज बरेच जमले," झुपार म्हणाली. "आईंना पाठवते."

"नको. तुलाच राहू देत."

"का रे?"

"नव्या नवरीचं तोंड बघायचे."

तिने विचारलं, "कुणी सांगितलं?"

"पैसे देणाऱ्या प्रत्येकाने."

"मी सांगणार होते. जीभ रेटेना." मग ती म्हणाली, "आणि तू कसले देतोस? तू काय माझं तोंड आज बघतोयस? आईंनाच पाठवते. पण एर्मुरात, आता स्वतःचा कोड काढ. हे पैसे आले की आमच्या घरी विचारतात."

"बरं," तो म्हणाला. आणखी काही बोलायला तिने वेळच दिला नाही.