डाव्या हाताचा तह

माझा मामा ट्वुम तीस वर्षं बेपोसोच्या राजाचा वकील होता. आमचा राजा परक्याशी थेट बोलत नाही, त्याचा शब्द वकिलाच्या तोंडून जातो. डॅनिश गेले, डच गेले, इंग्रज उरले. मामाने सगळ्यांशी तह केले आणि चघळायच्या कोलाबिया ज्या वाटेने उत्तरेला विकायला जातात, ती वाट आमच्याच ताब्यात ठेवली. त्याची वकिलीची सोन्याच्या मुठीची काठी आमच्या रीतीप्रमाणे पुढे भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे यायची होती. ती लवकर यावी असं मला वाटायचं, हे आता कबूल करतो.

म्हणूनच राजमाता अफ्राकुमा म्हणाल्या, "ओपारे, यंदा मामाच्या सोबत जा आणि डोळे उघडे ठेव. म्हातारा गोऱ्यांच्या फार गळ्यात पडायला लागलाय," तेव्हा मला बरंच वाटलं.

किनाऱ्यावरच्या किल्ल्यात मला जिथेतिथे पाणी मुरताना दिसलं. मामा गव्हर्नरच्या विनोदांवर हसत होता. गव्हर्नरने कागद पुढे सरकवला, कोलाची वाट गोऱ्यांना खुली करण्याचा. एका बोकडासाठी तीन दिवस हुज्जत घालणारा मामा चटकन म्हणाला, "ठीक आहे."

लेखणीला बोट लावलं की तह पक्का. दुभाषी बेन्ट्सिल, किनाऱ्याचाच माणूस पण चाकर गोऱ्यांचा, कागदावर वाकून नावं लिहीत होता. मामाच्या उजव्या हातात काठी होती. त्याने डावा हात पुढे केला आणि लेखणीला लावला.

मी हादरलो. डाव्या हाताने आम्ही कुत्र्याला हाडूकही टाकत नाही.

परतीच्या वाटेवर मामाने विचारलं, "काय रे, तोंड का शिवलंय?"

"काही नाही, मामा."

"काही नाही म्हणणाऱ्याच्या पोटात बरंच असतं."

तेव्हा विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण मला ते भर सभेत बोलायचं होतं.

सभेला बेन्ट्सिलही होता, गव्हर्नरने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन आलेला, ताडी पीत बसलेला. मी उठलो. "मामाने आपल्या गादीचा अपमान केला. तहाच्या लेखणीला डावा हात लावला."

"खरं?" राजमातांनी विचारलं.

"खरं," मामा म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता.

एक म्हातारा सरदार मांडीवर थाप मारून हसायला लागला. "अरे, डाव्या हाताने दिलेलं दिलं कुठे? वाट आपलीच की!"

सगळी सभा हसली. राजमाता मात्र हसल्या नाहीत. त्या बेन्ट्सिलकडे बघत होत्या. त्याने वाटी हळूच खाली ठेवली आणि तोंड पुसलं. नावं लिहिताना त्याने तो हात पाहिला नव्हता, तो आता माझ्या तोंडून ऐकला.

महिन्याभरात बेन्ट्सिल परत आला. तोच मजकूर, नवा कागद, आणि सोबत साठ शिपाई.

"उजवा, बाबा," तो मामाला अदबीने म्हणाला.

उजव्या हातात काठी होती. मामाने ती डाव्या हातात घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"घे. तुला हवी होती ना?"

मी घेतली. मग मामाने उजवं बोट लेखणीला लावलं.

आता लोक मला वकील म्हणतात. काठी मला कुठल्या हाताने मिळाली, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.