टोपलीखालची मनी

आमच्या सासरी श्राद्धाला मांजर टोपलीखाली कोंडतात. पितरांच्या पानाला तिनं तोंड लावू नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण सासूबाईंना विचाराल तर मांजर कोंडल्याशिवाय श्राद्ध पितरांना पोचतच नाही! मांजर घरची नसली तरी चालते, गल्लीतली चालते. जुन्या इंदुरात गल्लीतल्या मांजरींना काय तोटा?

आमची मनी तशीच गल्लीतली. काळं तोंड, पांढरी छाती. रोज सकाळी मी मागच्या ओट्यावर जर्मन धातूच्या वाटीत दूधभाकरी कुस्करून ठेवायची, ती भिंतीवरून उतरायची, खायची, जायची. अंगाला हात लावू द्यायची ती फक्त आमच्या लेकीला, अरूला. मी जवळ गेले की फिस्स करायची. वर्षानुवर्षं खाऊ घालणारी मी, आणि फिस्स मलाच!

त्या वर्षी मामंजींच्या श्राद्धाला अरूनंच तिला उचलून आणली. मोठी टोपली उपडी घातली, वर वरवंटा ठेवला. आत मनी अशी काही रडत होती की सहा वर्षांच्या पोरीला ते ऐकवेना. आम्ही पानं वाढण्यात गुंतलो असताना तिनं वरवंटा ढकलला आणि आत हात घातला. किंकाळी ऐकून मी धावले, तर मनीनं तिच्या अंगठ्याला चावा घेतला होता, रक्त वाहत होतं.

आमचे हे म्हणजे डोक्यात राख घालून घेणारे. त्यातून त्या काळी राजधानी उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी फिरायची; दुसऱ्या दिवशी सरकारी दफ्तर ग्वाल्हेरला हलायचं होतं आणि फायलींबरोबर यांनाही जायचं होतं. "ही ब्याद आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा!" असं ओरडले. सासूबाईंनी बजावलं, "मारू नका रे, सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं." मग शेजारचे चिंतामणभावजी पोत्यात घालून तिला घेऊन गेले. सासूबाईंनी जखमेत हळद भरली, हे ग्वाल्हेरला गेले, आणि मला वाटलं, मिटलं.

अंगठा सुजला म्हणून मी अरूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "मांजर कुठे आहे?"

"घालवून दिली," मी म्हटलं.

"नदीकाठी पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं, ऐकलं असेल तुम्ही," ते म्हणाले. "मांजर शोधून डोळ्यांसमोर ठेवा. आठ-दहा दिवस नीट खाल्लं-प्यायलं तर भीती नाही. मांजर मेलं किंवा सापडलं नाही, तर पोरीच्या पोटात सुया द्याव्या लागतील. ती नुकती विषमज्वरातून उठलीय आणि त्या औषधानं क्वचित अंग लुळं पडतं, म्हणून मी आज थांबतो. पण उद्यापर्यंत मांजर सापडलं पाहिजे. एकदा रोग उठला की कुणाच्या हातात काही राहत नाही, बाई."

मी तशीच चिंतामणभावजींचं दार ठोठावलं. ते पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फिटर होते. "वहिनीजी, उसको तो मी कारखान्याच्या फाटकाशी सोडली," ते म्हणाले. "खायला भरपूर मिळतं तिथे. घबराओ मत, सापडेल."

पदराखाली जर्मनची वाटी घेऊन मी त्यांच्याबरोबर टांग्यात बसले. फाटकाशी कोळशाचे ढीग, गंजकी पिंपं, भोंग्याचा आवाज. वाटीवर चमचा वाजवून मी हाक मारली, "मनी, मनी, मनी!"

ढिगामागून एक काळं तोंड बाहेर आलं. मग दुसरं. मग पिंपाखालून तिसरं. तिघींची छाती पांढरी.

मी एकेकीकडे पाहत होते आणि मला मनीचं तोंड आठवेना! इतकी वर्षं मी वाटी ठेवून पाठ फिरवत आले होते.

"कोणती हो?" भावजींनी विचारलं.

तेवढ्यात एक पुढे आली आणि माझ्या पायाला अंग घासू लागली. मनी असं कधी करत नसे. पण भुकेनं नरमली असेल, मी मनाला सांगितलं. घरची माणसं ओळखली असतील. मला ती मनीच हवी होती, इतकी हवी होती की मी तिला उचलून पोटाशी धरलं.

"हीच," मी म्हटलं.

तिला मागच्या, लाकडं ठेवायच्या खोलीत कोंडली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मी अरूला त्या दाराकडे फिरकू दिलं नाही. ती रोज रडायची, "मला मनीला बघू दे ना." मी दटावायची. दिवसातून दहादा मी फटीतून बघायची. मांजर दूध प्यायची, पाणी प्यायची, झोपायची. तो रोग झाला की माणूस पाण्याला घाबरतो म्हणे; रात्री अरू पाणी मागे तेव्हा ती घोट गिळेपर्यंत मी तिच्या गळ्याकडे बघत असे.

शेवटी दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "मांजर ठणठणीत आहे ना? मग सुटलात." सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला. मी ग्वाल्हेरला पत्र टाकलं. आणि त्या दिवशी, इतक्या दिवसांनी, लाकडाच्या खोलीचं दार उघडून अरूला म्हटलं, "जा, भेट तुझ्या मनीला."

ती धावत आत गेली. मांजर तिच्या मांडीवर येऊन बसली. अरूनं तिचा पुढचा पंजा हातात घेतला, उलटा केला आणि बघत राहिली.

"आई, ही कोण?"

"कोण म्हणजे? मनी."

"नाही. मनीच्या तळव्याच्या गाद्या काळ्या आहेत. हिच्या गुलाबी आहेत बघ." तिनं पंजा माझ्यापुढे धरला. "आपली मनी कुठेय?"

सासूबाई नारळाचा प्रसाद घेऊन दारात उभ्या होत्या. मी अरूला कडेवर घेतलं, पायात चपलाही न घालता दवाखान्याच्या वाटेला लागले.

गल्लीच्या तोंडाशी तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. अंगठ्यावरची खूण आता गुलाबी झाली होती.

"आई, आपण मनीला शोधायला चाललोय ना?"

"हो," मी म्हटलं, आणि पळत सुटले.