रेडिओच्या जागेवरचा पत्रा

खरं सांगू मित्रांनो, हे लिहिणारच नव्हतो. पत्र्याचं कोण ऐकणार? पण राहवेना.

मी एक जुना पत्रा आहे. तळहाताएवढा, काळा. स्टुटगार्टच्या कारखान्यात मला एका स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं. ज्या गिऱ्हाइकाला रेडिओ नको, त्याच्या डॅशबोर्डवरचं भोक झाकायचं, एवढंच माझं काम.

माझे पहिले मालक ऑटमार. "रेडिओ कशाला? मी गातो की," म्हणायचे. त्यांच्या लेकीला, हाइड्रुनला, ते पटेना. तिनं आईची नेलपॉलिश आणून माझ्यावर दोन लाल ठिपके काढले. ही म्हणे बटणं! डावं फिरवलं की पप्पा नाकातून बातम्या द्यायचे, "आजची ठळक बातमी. हाइड्रुनने पालक कुत्र्याला घातला."

मग गाडी विकली गेली. नव्या मालकानं मला उपटून सीटखाली टाकलं आणि माझ्या जागी रेडिओ बसवला. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही. रेडिओवर तर नाहीच. तो कधी माझ्याशी बोलायचा नाही. त्याचाच जास्त संशय यायचा.

गेल्या ऑक्टोबरात एक पिकल्या केसांची बाई येऊन गाडीत बसली. आवाज ऐकला आणि ओळखलं. हाइड्रुन! घरातले कागद पुरात गेलेले, त्यामुळे पप्पांची गाडी ती नुसत्या आठवणीवर शोधत होती. गाडी विकणारा एग्बर्ट प्रेट्झेल चावत मागेमागे.

"सगळं कंपनीचं आहे बाई. रेडिओसुद्धा."

"मग ही आमची नव्हे. पप्पांनी रेडिओ घेतलाच नव्हता."

"एवढी गाडी घेतली आणि रेडिओ नाही? कंजूस होते की काय?"

"स्वाबियन होते, इथल्या मातीतले काटकसरी. तुमच्यासारखेच."

"हां... मग नंतर कुणी बसवला असेल!"

"वा! आत्ता तर कंपनीचा होता. अजून थोडं थांबले तर पप्पांनाही आत बसवाल तुम्ही."

ती उतरली. दार आपटलं. आता ही गेली की संपलंच! असेल नसेल तेवढं बळ लावून मी खडखडलो.

"काय वाजलं?"

"काही नाही. जुनी गाडी, वाजणारच."

"तुम्ही काही नाही म्हणालात ना? आता बघतेच."

तिनं दार उघडलं, सीटखाली हात घालून मला ओढलं. थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. ठिपके दिसले तरी विश्वास बसेना. नखानं एक खरवडला. ताजा तर नाही ना? मग शेजारच्या सीटवर बसली, तिच्या लहानपणीच्या जागेवर, आणि डावं बटण फिरवलं.

बातम्या द्यायला पप्पा नव्हते.

मग तीच नाकातून म्हणाली, "आजची ठळक बातमी. गाडी सापडली."

एग्बर्टचं चावणं थांबलं.

तिनं गाडी घेतली. मी परत जागेवर आलो. रेडिओ सीटखाली. जाताना पहिल्यांदाच बोलला, "कुठे बसायचं ते मला कुणी विचारलंच नव्हतं रे."

खरंच की. इतकी वर्षं मी त्याला चोर समजलो. मित्रांनो, जुन्या वस्तूवर जरूर संशय घ्या, पण आधी ती हातात घेऊन नीट पुसा.

आणि रेडिओ, गड्या, खालचा अंधार मला ठाऊक आहे. दार आपटलं की तू खडखड कर. ती वाकून बघेपर्यंत मी वरून वाजत राहीन. त्यासाठी एक स्क्रू ढिला ठेवलाय.